तिसरे चाक आणि जड हँडल

मोटरसायकलला साइडकार जोडली, किंवा मागचे एक चाक काढून तिथे दोन चाकांचा ॲक्सल बसवून तिची ट्राइक केली, की पहिला फरक हातांना कळतो. हँडल जड होते. सरळ रस्त्यावर त्याचे फारसे काही वाटत नाही, पण घाटातली वळणे लागली की तासाभरात खांदे भरून येतात. गाडीचे वजन वाढले म्हणून असे होते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. मोटरसायकलचा पुढचा भाग कलणाऱ्या वाहनासाठी आखलेला असतो आणि तिसरे चाक लागताच वाहनाचे कलणे बंद होते. जडपणाचे मूळ तिथे आहे. अशा गाड्यांचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन नळे, आणि त्याची मांडणी बदलण्याचा उद्योग त्यातूनच जन्माला आला. (पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या कॅन-ॲम स्पायडरसारख्या गाड्यांचे स्टीअरिंग मोटारीच्या धर्तीचे असते, त्यांचा विषय निराळा.)

दुचाकी वळते ती कलून. डावीकडे वळायचे तर चालक हँडल क्षणभर किंचित उजवीकडे फिरवतो. चाके अंगाखालून उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे कलते आणि मग वळणाला लागते. सायकल शिकलेला प्रत्येक जण हे करतो. आपण असे करतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एकदा गाडी कलली की तिचे वजन आणि वळणातला बाहेरचा ओढा एकमेकांना तोलून धरतात, आणि हातांना फारसे काम उरत नाही. तीन चाकांवर उभी असलेली गाडी कलत नाही. तिला डावीकडे न्यायचे तर हँडल डावीकडेच फिरवावे लागते आणि वळण संपेपर्यंत जोर लावून तसेच धरून ठेवावे लागते. दुचाकीवर वर्षानुवर्षे हात बसलेला माणूस पहिल्या दिवशी साइडकार चालवताना फसतो तो याच जागी: डावीकडे वळायला तो सवयीने डावी मूठ पुढे ढकलतो आणि गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर जाऊ लागते.

फोर्क ज्या दांड्याभोवती फिरतो, तो कोनसेटमधून, म्हणजे फ्रेमच्या मानेतल्या बेअरिंगांमधून, जाणारा दांडा उभा नसून मागे कललेला असतो. उभ्या रेषेशी होणारा त्याचा कोन म्हणजे रेक. रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकलींत तो 24 ते 30 अंश असतो. या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला लागते. या दोन जागांमधले अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीची चाके पाहिली तर ट्रेलचे काम ध्यानात येते: खुर्ची ढकलली की चाके आपापल्या खिळीच्या मागे जातात आणि सरळ होतात. मोटरसायकलचे पुढचे चाकही असेच स्वतःला सरळ ठेवू पाहते, आणि ट्रेल जितका मोठा तितका त्याचा हा हट्ट मोठा. सर्वसाधारण मोटरसायकलींत ट्रेल 90 ते 115 मिलिमीटर असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या जड गाड्यांत तो 170 मिलिमीटरच्या आसपास जातो. महामार्गावर या गाड्या रुळावरून चालल्यासारख्या सरळ जातात, त्यामागे हा मोठा ट्रेल आहे.

दुचाकीला हवाहवासा असणारा हा हट्ट तीन चाकांवर हातांच्या मुळावर येतो. हिशेब करून पाहता येतो. समजा, साइडकार जोडलेल्या गाडीच्या पुढच्या चाकावर 200 किलो भार आहे आणि गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने सुमारे 42 मीटर त्रिज्येचे वळण घेते आहे. वळताना रस्ता टायरला आडवा रेटा देतो. अशा वळणात तो साधारण 60 किलोंच्या वजनाइतका भरतो. ट्रेल 100 मिलिमीटर असेल, तर हा रेटा दहा सेंटिमीटरच्या तरफेने हँडल सरळ करू पाहतो. हँडल 80 सेंटिमीटर रुंद धरले, म्हणजे प्रत्येक मूठ मध्यापासून 40 सेंटिमीटरवर आली, तर एका हाताने ढकलत आणि दुसऱ्याने ओढत प्रत्येकी साडेसात किलोंचा जोर सतत लावावा लागतो. ट्रेल 50 मिलिमीटर केला की तोच जोर निम्म्यावर येतो. उलट, ट्रेल तसाच ठेवून वेग 40 चा 50 केला तर जोर दीडपटीहून जास्त होतो. शिवाय फिरत्या टायरचा आडवा रेटा त्याच्या टेकण्याच्या मध्यबिंदूच्या थोडा मागे लागू होतो, त्यामुळे प्रत्यक्षात हातांवर येणारा भार कागदावरच्या हिशेबापेक्षा जास्तच असतो.

ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो: चाकाची त्रिज्या, रेकचा कोन आणि ऑफसेट, म्हणजे फोर्क ज्या रेषेभोवती फिरतो तिच्यापासून चाकाचा ॲक्सल किती पुढे आहे ते अंतर. 320 मिलिमीटर त्रिज्येचे चाक, 26 अंशांचा रेक आणि 50 मिलिमीटर ऑफसेट असेल तर ट्रेल 100 मिलिमीटर येतो. यात चाकाची त्रिज्या 20 मिलिमीटरने कमी केली तर ट्रेल जेमतेम 10 मिलिमीटरने उतरतो. ऑफसेट 35 मिलिमीटरने वाढवला तर मात्र ट्रेल एकदम 61-62 वर येतो. त्यामुळे बहुतेक सगळे उपाय ऑफसेट वाढवण्याचे, म्हणजे चाक पुढे नेण्याचे आहेत.

सर्वांत सरळ उपाय फोर्कचे दोन नळे धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या पकडींमधला. आपल्याकडच्या गॅरेजांत त्यांना ‘टी’ म्हणतात. मूळ टी काढून, नळ्यांची भोके जास्त पुढे असलेले नवे टी बसवायचे. नळे आधीच्याच कोनात, पण काही मिलिमीटर पुढे जातात. यात बाकीच्या गाडीला धक्का लागत नाही. फार तर ब्रेकची नळी आणि केबली लांब कराव्या लागतात. हे टी मात्र ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून अचूक कोरलेले हवेत. नळे एकमेकांना तंतोतंत समांतर नसतील तर फोर्क दबताना अडकतो.

दुसऱ्या उपायात टीमधली भोकेच तिरपी असतात. दांडा जुन्याच कोनात राहतो आणि नळे त्याच्याहून चार-सहा अंश जास्त पुढे झुकतात. खालच्या टोकाला त्याचा परिणाम मोठा होतो. टीपासून ॲक्सलपर्यंतची लांबी 700 मिलिमीटर असेल तर पाच अंशांच्या फरकाने चाक सुमारे 60 मिलिमीटर पुढे जाते आणि ट्रेल तेवढ्याहून थोडा जास्तच घटतो. हार्ले-डेव्हिडसनने 2009 च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच ट्राय ग्लाइड ही ट्राइक विकायला काढली, तेव्हा हीच युक्ती वापरली: फ्रेमचा कोन 26 अंशच राहिला, नळे अधिक पुढे झुकवले आणि ट्रेल 170 वरून साधारण 100 मिलिमीटरवर आला. या उपायाला एक शेपूट आहे. नळे आडवे झाले की गाडीचे तोंड दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते; तोंड खाली बसले की दांडा थोडा उभा होतो आणि ट्रेल आणखी काही मिलिमीटर कमी होतो. हा दुसरा फरक हिशेबात न धरल्यामुळे ट्रेल ठरवल्यापेक्षा कमी निघतो.

इथेच एक घोटाळा वारंवार होतो. चॉपर, म्हणजे पुढचा फोर्क लांबवलेल्या मोटरसायकली, बनवणारे फ्रेमची मान कापून ती जास्त तिरपी जोडतात. दिसायला नळे तसेच लांब आणि पुढे झुकलेले. परिणाम मात्र उलटा. मान तिरपी केली की फिरण्याची रेषाच जमिनीवर आणखी पुढे जाऊन लागते आणि ट्रेल वाढतो. असा चॉपर आणून त्याची ट्राइक केली तर हँडल असह्य जड होते. शिवाय ट्रेल आणि रेक दोन्ही मोठे असतील तर हँडल वळवताच गाडीचे तोंड खाली जाते आणि ते वजन हँडलला वळलेल्या बाजूला ओढू लागते. उभ्या गाडीत किंवा पार्किंगमध्ये हँडल बाजूला धाडकन पडते ते त्यामुळे. नुसते फोटो पाहून दुसऱ्याच्या गाडीची नक्कल करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

साइडकारसाठी जुनी आणि अजूनही सरस मानली जाणारी रचना म्हणजे लीडिंग लिंक फोर्क. यात पुढचा ॲक्सल नळ्यांच्या टोकाला नसतो. फोर्कच्या खालच्या भागाला मागून पुढे येणारे दोन आडवे हात जोडलेले असतात, त्यांच्या पुढच्या टोकांत चाक असते आणि धक्के सोसायला दोन्ही बाजूंना वेगळे शॉकॲब्सॉर्बर असतात. ब्रिटिश अभियंता अर्नेस्ट अर्ल्स याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला या जातीचा फोर्क बनवला. बीएमडब्ल्यूने 1955 पासून 1969 पर्यंत आर 50, आर 60, आर 69 या मालिकेत तो वापरला. त्या काळी युरोपात साइडकार हे मोटार न परवडणाऱ्या कुटुंबाचे वाहन होते आणि बीएमडब्ल्यूचे बरेच ग्राहक साइडकारवाले होते. म्हणून कंपनीने फोर्कच्या हातांच्या खिळीसाठी दोन जागा ठेवल्या: एक दुचाकीसाठी, दुसरी तिच्या पुढे, साइडकारसाठी. खीळ पुढच्या भोकात घातली की चाक पुढे सरकायचे आणि ट्रेल कमी व्हायचा. हाताशी पाना असला की काम भागायचे; वेल्डिंग नाही की नवा भाग नाही. ज्या गाडीला कधी साइडकार लावायची आणि कधी सोडवायची आहे तिच्यासाठी याहून सोयीचा तोडगा नंतरच्या चकचकीत किटांनाही साधलेला नाही. 1969 मध्ये आलेल्या पुढच्या मालिकेत टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, फोर्क आला, आणि ती मालिका साइडकार डोळ्यांपुढे ठेवून आखलेलीच नव्हती. रशियातल्या इर्बित इथे जन्मलेल्या उरल या साइडकार गाड्यांवर मात्र पुढे लीडिंग लिंक फोर्क आला.

ट्रेल घटवणे एवढाच या फोर्कचा गुण नाही. कलणाऱ्या दुचाकीत रस्त्याचा रेटा फोर्कच्या रेषेतून वर जातो. न कलणाऱ्या गाडीत तो आडवा येतो आणि टेलिस्कोपिक नळ्यांना बाजूला वाकवू पाहतो. वाकलेला नळा बाहेरच्या नळीत घासतो, खड्ड्यावर फोर्क हवा तेव्हा दबत नाही, आणि तेलाचे सील लवकर गळू लागतात. लीडिंग लिंकचे हात चाकाभोवती मजबूत चौकटीसारखे असल्याने हा आडवा भार सोसू शकतात. ब्रेक मारल्यावर टेलिस्कोपिक फोर्क बसतो; अर्ल्सच्या जातीचा फोर्क उलट किंचित वर उचलला जातो. पहिल्यांदा चालवणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण त्यामुळे ब्रेक मारताना ट्रेल फारसा बदलत नाही. तोटे वजनाचे आणि खर्चाचे.

मग ट्रेल अगदी शून्यावरच का आणू नये? कारण चाकाला सरळ राहण्याचा थोडा हट्ट हवाच असतो. शून्याजवळ गेलेल्या ट्रेलचे हँडल हलके फूल होते, पण वळणातून बाहेर पडताना ते आपणहून मध्यावर येत नाही, आणि चाक रस्त्यावर काय करते आहे ते हातांना कळेनासे होते. ट्रेल उणे झाला, म्हणजे चाकाचे टेकणे रेषेच्याही पुढे गेले, तर जरा वळलेले चाक आणखी वळू पाहते. फार तिरपे टी वापरले की नकळत इथवर पोचता येते. साइडकारसाठी ट्रेल साधारण निम्म्यावर, 50-60 मिलिमीटरच्या आसपास आणून थांबणे शहाणपणाचे. वेगाने लांबचे प्रवास करणाऱ्या जड ट्राइकवर त्याहून थोडा जास्त चालतो.

कमी ट्रेलबरोबर हँडलचे थरथरणे येते. ताशी 30 ते 50 किलोमीटरच्या दरम्यान, विशेषतः वेग उतरत असताना, हँडल एका लयीत डावीउजवीकडे हलू लागते. हँडल घट्ट धरले की ते थांबते, सैल सोडले की वाढते. त्यावर स्टीअरिंग डॅम्पर बसवतात: एका टोकाने फ्रेमला आणि दुसऱ्या टोकाने फोर्कला जोडलेला, तेलाने भरलेला छोटा दट्ट्या, जो सावकाश वळणे होऊ देतो आणि झटकन हलणे अडवतो. जुन्या साइडकार गाड्यांवर हँडलच्या मधोमध पिळायची मूठ असे, ती घर्षणाने हेच काम करायची. डॅम्पर लावण्याआधी कोनसेटचा खेळ, पुढच्या टायरमधली हवा, चाकाचा तोल आणि बुशांची झीज तपासायला हवी. नाही तर डॅम्पर आजार दाबून ठेवतो आणि दोष आतून वाढत राहतो. नव्याने घडवलेल्या कित्येक गाड्यांवर तो याच कारणासाठी घट्ट पिळलेला दिसतो.

साइडकारच्या बाबतीत तर फोर्कला हात लावण्याआधी तिची मांडणी जुळवून घेतलेली बरी. भारत, ब्रिटन आणि जपान इथे साइडकार डाव्या बाजूला असते. तिचे चाक मोटरसायकलच्या मागच्या ॲक्सलच्या थोडे पुढे ठेवतात, म्हणजे उजव्या वळणात गाडी सहजी उलटत नाही. ते चाक मोटरसायकलला अगदी समांतर नसून पुढच्या बाजूला किंचित आत वळलेले असते; गाडीच्या लांबीत हा फरक एक ते अडीच सेंटिमीटर. मोटरसायकल स्वतः साइडकारपासून बाहेर, एक-दोन अंश उजवीकडे कललेली ठेवतात. साइडकार गाडीला सतत डावीकडे ओढते, आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ताही डाव्या कडेला उतरता असतो. उजवीकडचा हा थोडासा कल त्या दोन्ही ओढींची भरपाई करतो. यातले एखादे माप चुकले असेल तर सरळ रस्त्यावरही हँडल एका बाजूला धरून ठेवावे लागते, आणि मालक तो दोष ट्रेलच्या नावावर लिहून हजारो रुपयांचा फोर्क बदलतो. वेग घेताना गाडी डावीकडे आणि ब्रेक मारताना उजवीकडे जाते, हा मात्र दोष नसून एका बाजूला वजन असण्याचा स्वाभाविक परिणाम आहे. साइडकारच्या चाकालाही ब्रेक दिला की ब्रेकच्या वेळचा ओढा कमी होतो.

ट्राइकला हा डाव्याउजव्याचा जाच नाही, तिची अडचण दुसरी. मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसलेला सरळ ॲक्सल असेल तर दोन्ही मागची चाके एकाच गतीने फिरतात आणि गाडीला सरळच ढकलत राहतात. पुढच्या चाकाला तेवढे जास्त झगडावे लागते. अशा ट्राइकवर ट्रेल कितीही कमी केला तरी आखूड वळणात ती रुंदच जाते. हँडल हलके झाल्याने ट्राइकची उलटण्याची मर्यादाही बदलत नाही. ती चाकांमधली रुंदी आणि वजनाची उंची यांवर ठरते. आधी जड हँडलच चालकाला वळणात वेग आवरायला लावत असे. बदलानंतर ती अडवणूक राहत नाही.

शर्यतींमध्ये हा प्रश्न मुळापासूनच वेगळ्या वाटेने सुटला. साइडकारची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1949 मध्ये सुरू झाली. पहिला विजेता एरिक ऑलिव्हर नॉर्टन मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारवर धावला. त्याचा साथीदार डेनिस जेन्किन्सन पुढे 1955 च्या मिल्ले मिलिया या मोटारींच्या शर्यतीत चालक स्टर्लिंग मॉसला रस्ता सांगणारा म्हणून जास्त गाजला. पुढच्या काही दशकांत शर्यतीच्या साइडकार इतक्या बदलल्या की मोटरसायकल असे काही त्यांत उरलेच नाही. बसक्या चेसिसवर मोटारीसारखे रुंद टायर आणि पुढच्या चाकाला मोटारीच्या धर्तीचे हात आले, आणि टेलिस्कोपिक फोर्क हद्दपार झाला.

भारतात असा बदल करताना यंत्राआधी कायदा पाहावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मधल्या एका निकालात हीच भूमिका घेतली. अपंग व्यक्तींसाठी बदललेल्या वाहनांना कायद्यात वेगळी वाट आहे. मागे दोन्ही बाजूंना चाके लावलेल्या स्कूटर महाराष्ट्रातल्या गावोगावी दिसतात त्या या प्रकारच्या. त्यांचा पुढचा भाग सहसा मूळचाच राहतो. चाक लहान, पुढचा भार कमी आणि वेगही बेताचा, त्यामुळे हँडलचा जडपणा तिथे सोसण्याइतका असतो. तरी हात किंवा खांदे अशक्त असलेल्या चालकासाठी तोही जास्त होऊ शकतो, आणि या बाजूकडे आपल्याकडे लक्ष दिले जायला हवे.

बदल केल्यावर ट्रेल मोजायला भारी उपकरण लागत नाही. गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या भारासह, हँडल सरळ ठेवून उभी करायची. ॲक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची. मग एक सरळ पट्टी फोर्कच्या बाजूला, बाजूने पाहता दांड्याच्या रेषेवरच येईल अशी धरून ती रेषा जमिनीला कुठे लागते ते पाहायचे. दोन खुणांमधले अंतर हा ट्रेल. तिरपे टी असतील तर पट्टी नळ्यांना समांतर धरून चालत नाही, दांड्यालाच धरावी लागते. फसगत इथेच होते. त्यानंतर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकची नळी, केबली आणि वायरिंग ताणत तर नाही ना ते पाहायचे, आणि मोकळ्या मैदानात आधी कमी वेगात, मग ताशी 30 ते 50 च्या पट्ट्यात वेग उतरवत हँडल थरथरते का ते तपासायचे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर कोनसेट नव्याने कसावा लागतो, आणि वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जोडावर भेग दिसते का हे रंग घासून बघावे लागते.